मध्यम करड्याचा प्रश्न : नजर, मापक आणि निवाड्याची जबाबदारी

१

छायाचित्रणाच्या व्यवहारात एक जुना वाद आहे. फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, म्हणजेच एक्स्पोजर किती द्यायचे, हे छायाचित्रकाराने नजरेने ठरवावे की प्रकाशमापकाच्या काट्यावर विसंबून ठरवावे, असा त्या वादाचा विषय आहे. नजरेची बाजू घेणारे अनुभवाचा दाखला देतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने ऊन पाहताच अ‍ॅपर्चर आणि शटर यांचे आकडे मनात उमटतात, असे त्यांचे म्हणणे असते. मापकाची बाजू घेणारे डोळ्याच्या चंचलतेकडे बोट दाखवतात. डोळा फसतो, थकतो, सवयीला वश होतो. काटा मात्र कोणाचीही भीडभाड ठेवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

वरकरणी हा कारागिरीतील सोयीगैरसोयीचा प्रश्न आहे. साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या वादातील दोन्ही पक्ष समीक्षेत आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. कलाकृतीचे मूल्य रसिकाच्या संस्कारित जाणिवेला आपोआप प्रतीत होते असे मानणारा एक पक्ष, आणि मूल्यमापनाला व्यक्तिनिरपेक्ष निकष हवेत असे मानणारा दुसरा पक्ष, यांच्यातील तणाव मराठी सौंदर्यविचारात सतत जाणवत राहिला आहे. मर्ढेकरांनी सुसंवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याचा निकष शोधला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात अशा निकषांच्या तार्किक स्वरूपाची कसून तपासणी केली. त्या चर्चेत निकष म्हणजे नेमके काय आणि तो लावतो कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. छायाचित्रणातील वाद हाच प्रश्न अधिक ठसठशीतपणे पुढे आणतो, कारण तेथे निवाड्याचा परिणाम लगेच आणि डोळ्यांनी दिसतो. चुकीचा निवाडा झाला तर कोणाचा तरी चेहरा काळोखात जातो.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. नजर आणि मापक यांना परस्परविरोधी मानणे ही प्रश्नाची चुकीची मांडणी आहे. मापकाला आपण कशाकडे पाहतो आहोत हे कळत नाही; डोळ्याला प्रकाश किती होता हे लक्षात राहत नाही. या दोन उणिवा वेगवेगळ्या जातीच्या आहेत आणि एकीची भरपाई दुसरीने आपोआप होत नाही. दोहोंपैकी कशावरही पूर्णपणे विसंबणे हा निवाड्याची जबाबदारी टाळण्याचा मार्ग ठरू शकतो. म्हणून हा प्रश्न मूलतः नैतिक आहे.

२

नजरेची बाजू घेताना एक गृहीतक नकळत येते. नजर नैसर्गिक आहे आणि मापक कृत्रिम, असे ते गृहीतक होय. इतिहास याला पुष्टी देत नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळात ओल्या कलोडियनची पद्धत रूढ होत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी धुवायचे. मापक नावाची वस्तू नव्हती. पण काच तेथल्या तेथे धुतली जात असल्यामुळे अंदाज चुकला तर ते लगेच कळे आणि पुढच्या काचेवर दुरुस्ती करता येई. त्या काळच्या छायाचित्रकारांची नजर ही अशा शेकडो चुकलेल्या काचांनी घडवलेली नजर होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कलोडियनचा थर प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत असे. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला हिरवाही दिसू लागला, परंतु तांबडा दिसत नव्हता. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला सूर्यप्रकाशात चित्रित केला. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती होता. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा प्रकाशविद्युत घटावर चालणारा मापक अस्तित्वातच नव्हता. त्या काळच्या फिल्मवर तांबूस तपकिरी त्वचा डोळ्याला दिसते त्याहून बरीच काळी उमटे. जगभरच्या मूकपटांतील नटांच्या तोंडाला फासलेल्या पांढऱ्या रंगरंगोटीचे हे एक कारण होते. म्हणजे त्या कॅमेऱ्यामागच्या माणसाला स्वतःच्या डोळ्याला जे दिसते त्यावर भिस्त ठेवून चालत नव्हते. फिल्मला काय दिसेल हे त्याला पाहावे लागे. एक्स्पोजरची ‘नजर’ म्हणून जिचा गौरव केला जातो, ती नैसर्गिक दृष्टी बाजूला सारून मिळवलेली दुसरी दृष्टी असते. यंत्राच्या आंधळेपणाचा अभ्यास करून माणसाने ती कमावलेली असते.

उलट बाजूने पाहिले तर मापकही डोळ्यापासून पूर्णतः सुटलेला नव्हता. १८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी एक्स्पोजर आणि फिल्मचे काळवंडणे यांचा संबंध आलेखाने दाखवला आणि छायाचित्रणात मोजमापाचे शास्त्र आणले. त्याच सुमारास आलेल्या वॉटकिन्सच्या मापकात प्रकाशाला संवेदनशील कागदाचा तुकडा उघडा ठेवीत आणि तो ठरावीक छटेइतका काळा होण्यास किती वेळ लागतो हे पाहत. पण ती छटा जुळली की नाही, हे ठरवणार कोण? डोळाच. १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रकाशविद्युत मापक आले आणि काटा स्वतः हलू लागला, तेव्हा मापनातून डोळा वजा झाल्यासारखे वाटले. तो खरोखर वजा झाला का, हे आता पाहू.

३

परावर्तित प्रकाश मोजणाऱ्या मापकासमोर पांढरी भिंत धरली आणि त्याने सांगितलेले एक्स्पोजर तंतोतंत दिले, तर चित्रात भिंत करडी येते. काळी भिंत धरली तरीही करडीच येते. मापक बिघडलेला नसतो. त्याची घडणच तशी असते. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडे आहे, असे मानूनच तो बोलतो. हा मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग, असे छायाचित्रणाच्या वर्गात शिकवले जाते आणि त्यासाठी १८ टक्के करडे कार्ड वापरले जाते. वस्तुतः मापकांच्या अंशांकनात हा आकडा जसाच्या तसा नसतो. अंशांकनाचा स्थिरांक काही निर्माते १२.५ घेतात, काही १४ घेतात. हा फरक लहान आहे, पण अर्थपूर्ण आहे. ‘मध्यम’ कोणता हे निसर्गाने सांगितलेले नाही. ते माणसांनी बसून ठरवले आहे, आणि तेही सर्वांनी एकसारखे ठरवलेले नाही.

तेव्हा मापक निवाडा करत नाही, केवळ मोजतो, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्याच्या काचेआड एक निवाडा आधीच करून ठेवलेला असतो. कोणीतरी, कुठेतरी, बहुसंख्य दृश्ये पाहून ‘जग साधारण असे असते’ असे ठरवलेले असते आणि तो निर्णय काट्यात गोठलेला असतो. १९८३ साली निकॉनच्या एफए या कॅमेऱ्यात दृश्याचे पाच भाग वेगवेगळे मोजून, आधी साठवलेल्या दृश्यप्रकारांशी ताडून एक्स्पोजर सुचवण्याची सोय आली, तेव्हा हा प्रकार अधिक उघड झाला. तो कॅमेरा पूर्वी काढलेल्या असंख्य छायाचित्रांच्या अनुभवावर बोलत होता. यंत्रावर विसंबणारा माणूस दुसऱ्यांच्या नजरेवर विसंबत असतो. फक्त ते दुसरे कोण हे त्याला माहीत नसते.

आणि ते दुसरे कोण, हा प्रश्न निरुपद्रवी नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोडॅकच्या छपाई प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी जे प्रमाण कार्ड वापरीत, त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाते. तिचा चेहरा बरोबर उमटला की यंत्र बरोबर लागले, असे समजले जाई. हा विषय रंगाच्या छपाईचा आहे, एक्स्पोजरचा नव्हे, हे खरे. पण तत्त्व एकच आहे. एका विशिष्ट त्वचेला प्रमाण मानले की इतर सर्व त्वचा त्या प्रमाणापासूनचे विचलन ठरतात. २०२१ साली गुगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सावळ्या आणि काळ्या त्वचेचे चित्रण नीट व्हावे म्हणून ‘रिअल टोन’ या नावाने बदल केले. तोवर ज्याला तटस्थ मानले जात होते ते तटस्थ नव्हते, याचीच ही उशिराने दिलेली कबुली म्हणावी लागेल.

४

हा प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील पत्र्याच्या एखाद्या शेडमध्ये टॉवेल विणले जातात अशी कल्पना करू. चादर आणि टॉवेल यांनी सोलापूरचे नाव दूरवर नेले आहे, तेव्हा ही कल्पना ताणलेली वाटू नये. कारखानदाराला विक्रीच्या पुस्तिकेसाठी छायाचित्र हवे आहे. चौकटीत पांढरा टॉवेल आहे आणि त्यामागे यंत्रावर उभा असलेला सावळा कामगार आहे.

दुपारची वेळ आहे. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी तेथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात शेडबाहेर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. १०० संवेदनशीलतेच्या फिल्मला तेथे f/१६ आणि १/१०० सेकंद पुरते. हा जुना नियम नजरेने काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. शेडमध्ये समजा ४०० लक्स प्रकाश आहे. म्हणजे बाहेरच्या अडीचशेव्या हिश्श्याइतका. छायाचित्रकाराच्या हिशेबात हा जवळजवळ आठ स्टॉपांचा फरक झाला. F/४ आणि १/६ सेकंदापर्यंत उतरावे लागेल. पण दारातून आत आलेल्या माणसाला काही मिनिटांत हा फरक जाणवेनासा होतो. बुबुळ रुंदावते, दृष्टिपटल जुळवून घेते आणि ‘आत थोडे अंधारलेले आहे’ एवढीच नोंद मनात राहते. अडीचशेपट फरकाला भाषेत आपण ‘थोडे’ म्हणतो.

आता चौकटीकडे वळू. पांढऱ्या टॉवेलवरून आणि सावळ्या चेहऱ्यावरून परतणाऱ्या प्रकाशात तीन स्टॉपांचा फरक सहज पडतो. त्यातच टॉवेल छताच्या पारदर्शक पत्र्याखाली उजेडात आहे आणि कामगार यंत्राच्या सावलीत आहे, तेव्हा आणखी दोन-तीन स्टॉपांची भर पडते. पारदर्शिकेच्या फिल्मला एवढी तफावत पेलणे कठीण. मापक टॉवेलसमोर धरला तर टॉवेल करडा येईल आणि चेहरा काळ्या डागाखेरीज काही उरणार नाही. मापक चेहऱ्याजवळ नेला तर चेहरा मध्यम करड्यावर येऊन बसेल, म्हणजे आहे त्याहून काहीसा उजळ होईल, आणि टॉवेल जळून कोरा पांढरा होईल. त्याची वीण दिसणार नाही. पडणारा प्रकाश मोजणारा, पांढरा घुमट बसवलेला मापक चेहऱ्यापाशी धरला तर तो त्वचेच्या रंगाने फसणार नाही, परंतु टॉवेल तरीही जळेल. तीनही मोजमापे अचूक आहेत. काय हरवू द्यायचे, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

विक्रीच्या पुस्तिकेत टॉवेल हवा असतो. म्हणून बहुधा टॉवेल वाचवला जातो आणि चेहरा सोडला जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. छायाचित्रकार म्हणेल, मापकाने दिले तेवढेच एक्स्पोजर मी दिले. किंवा म्हणेल, माझ्या नजरेला हेच योग्य वाटले. दोन्ही उत्तरांत एक वाक्य गाळलेले आहे : ‘टॉवेल दिसावा म्हणून मी या माणसाचा चेहरा सोडला.’ हे वाक्य उच्चारले गेले असते तर कदाचित निर्णय तोच राहिला असता. पण तो कोणाचा निर्णय आहे हे स्पष्ट झाले असते, आणि कदाचित एखादा पांढरा पडदा लावून सावलीत थोडा प्रकाश परतवता येतो हेही सुचले असते.

येथे कोणी म्हणेल, आजच्या फोनमधील कॅमेरा अनेक एक्स्पोजर घेऊन ती एकत्र करतो. टॉवेलही दिसतो, चेहराही दिसतो. मग प्रश्न उरतो कुठे? प्रश्न उरतो, आणि अधिक अवघड होऊन उरतो. त्या चित्रात शेडमधला अंधार नाहीसा झालेला असतो. माणूस उजळ दिसतो, पण तो अपुऱ्या उजेडात काम करीत होता ही वस्तुस्थिती पुसली जाते. सर्व काही सारखेच दृश्यमान असावे, हाही एक निवाडाच आहे. तो कोणी केला हे आता पूर्वीहूनही कमी ठाऊक असते.

अंधाराचा मुद्दा येथे टाळता येत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या सतराव्या कलमाने कामगार जेथे काम करतात वा ये-जा करतात तेथे पुरेसा आणि योग्य प्रकाश ठेवण्याचे बंधन घातले होते. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे कामगाराच्या डोळ्याला विचारून ठरवता येईल का? बारा वर्षे त्याच शेडमध्ये उभा असलेला माणूस म्हणेल, ‘दिसतंय की सगळं.’ तो खोटे बोलत नसतो. त्याचा डोळा त्या उजेडाला सरावलेला असतो. मालकाचा डोळाही सरावतो, पाहुण्याचाही अर्ध्या तासात सरावतो. तेथे लक्समापक घेऊन आलेला निरीक्षकच काय तो न सरावलेला. मापकाचे खरे मोल येथे दिसते. त्याला काही कळत नाही. पण तो कशालाही सरावत नाही. आणि सवय हीच ज्या अन्यायाची ढाल असते, तेथे न सरावणे हा मोठा गुण आहे. नजरेचा गौरव करणाऱ्यांनी हा भाग सहसा विचारात घेतलेला नसतो. ज्या जुळवून घेण्याच्या शक्तीमुळे डोळा अंधारातही पाहू शकतो, तीच शक्ती त्याला अंधाराचा विसर पाडते.

५

आता नजरेच्या ज्ञानाचे स्वरूप तपासू. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या पहिल्या कांडात रत्ने आणि नाणी पारखणाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. जाणकाराचे हे ज्ञान अभ्यासातूनच निपजते, ते अनुमानाने होत नाही आणि इतरांना सांगता येत नाही, असा त्याचा आशय आहे. एक्स्पोजरची नजर बसलेल्या छायाचित्रकाराला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. ‘कसे ओळखलेत?’ असे विचारले तर तो ‘दिसले’ एवढेच म्हणतो. कान्टनेही ‘शुद्ध बुद्धीच्या मीमांसे’त याच्याशी जवळचा मुद्दा मांडला आहे. नियम कुठे लागू करायचा हे सांगण्यासाठी दुसरा नियम आणला, तर त्या नियमासाठी तिसरा लागेल. म्हणून निवाड्याची शक्ती शिकवता येत नाही, तिचा सराव करता येतो.

ही दोन्ही मते ज्ञानाच्या उगमाविषयी आहेत आणि त्या मर्यादेत ती निरुत्तर करणारी आहेत. मापक कितीही सुधारला तरी तो कशासमोर धरायचा, हे मापक सांगू शकत नाही. परंतु या मतांतून एक वेगळाच निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. नजरेचे ज्ञान सांगता येत नाही, म्हणून त्याला प्रश्नही विचारता येत नाही, हा तो निष्कर्ष. कारागिरीच्या परंपरांत उस्तादाची सत्ता बऱ्याचदा या निष्कर्षावर उभी राहिली आहे. नजर बसायला फिल्म जाळावी लागते, फिल्मला पैसा लागतो, कोणाच्या तरी हाताखाली उभे राहण्याची परवानगी लागते. ज्याला हे मिळाले त्याची नजर बसली; ज्याला मिळाले नाही त्याला ‘तुला नजर नाही’ असे सांगितले गेले. या दृष्टीने पाहता स्वस्त मापक हा नवशिक्याच्या हातातला पुरावा होता. ‘उस्ताद, काटा वेगळे सांगतो,’ असे म्हणण्याची सोय त्याने प्रथम करून दिली.

म्हणून येथे एक भेद करणे आवश्यक आहे. मी कसे ओळखले, हे सांगता न येणे वेगळे. आणि मी काय ठरवले, हे न सांगणे वेगळे. पहिली मानवी ज्ञानाची मर्यादा आहे. दुसरी जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे. निवाड्याचा उगम अनिर्वचनीय असू शकेल. निवाड्याचा आशय अनिर्वचनीय असण्याचे कारण नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीचे महत्त्व मला या ठिकाणी वाटते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देऊन त्यांनी छायाचित्रकाराला एक भाषा दिली. ‘हा चेहरा मी अमुक क्रमांकावर ठेवतो, मग तो टॉवेल तमुक क्रमांकावर जातो,’ असे म्हणता येऊ लागले. चेहरा त्या क्रमांकावर का, हे ती पद्धत सांगत नाही. ते छायाचित्रकाराने पाहायचे असते. पण एकदा ठरवले की ते उच्चारता येते, आणि जे उच्चारता येते त्याला हरकत घेता येते.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल चित्रण केले, त्याकडे या भूमिकेतून पाहावे. ज्यांच्या श्रमावर शहर चालते आणि ज्यांच्याकडे न पाहण्याची शहराला सवय झालेली असते, त्यांना छायाचित्राच्या मध्यभागी आणणे हा आधी विषयाच्या निवडीचा प्रश्न आहे. पण तेवढ्याने भागत नाही. अंधाऱ्या, मळकट परिसरात वावरणाऱ्या सावळ्या माणसाचा चेहरा कोणत्या छटेत ठेवायचा, याचे उत्तर प्रत्येक चित्रात नव्याने द्यावे लागते. फार उजळ केला तर परिस्थिती सौम्य होते. फार गडद ठेवला तर माणूस परिस्थितीत विरघळतो. सहानुभूती असली म्हणजे हे उत्तर आपोआप मिळते असे नाही. ते प्रकाशाच्या मात्रेत द्यावे लागते.

६

समीक्षेच्या संदर्भात या विवेचनातून काय हाती लागते? छायाचित्रण आणि साहित्यसमीक्षा यांचे साम्य मर्यादित आहे, हे आधीच मान्य करायला हवे. छायाचित्रकार चित्र निर्माण करतो. समीक्षक निर्माण झालेल्या कृतीपुढे उभा असतो. परंतु दोघेही काहीतरी दृश्यमान करतात आणि ते करताना काहीतरी सोडतात.

मराठीत हा प्रश्न दलित साहित्याच्या निमित्ताने ऐरणीवर आला. शरणकुमार लिंबाळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली आणि ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ हा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. आनंदाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या रूढ सौंदर्यकल्पनेने वेदना आणि विद्रोह यांच्या साहित्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही, स्वातंत्र्य, समता, न्याय यांसारखी मूल्ये तेथे निकषाच्या जागी यावी लागतात, अशी त्यांची भूमिका आहे. या भूमिकेवर आक्षेप घेणाऱ्यांनी ती निकषांनाच नकार देणारी आहे असे मानले. येथवरच्या विवेचनाच्या आधारे तिचे वेगळे वाचन करता येईल. तिचा रोख निकषाच्या अंशांकनावर आहे. समतोल, संयम, कलात्मक अंतर हे ज्या काट्याचे ‘मध्यम’ आहे, तो काटा कोणत्या साहित्यावरून लावून घेतला होता, असा तिचा प्रश्न आहे. त्या काट्यासमोर ‘अक्करमाशी’ धरली तर तो एकतर तिला ओढून करडी करणार, नाहीतर तिच्यात तपशील नाही असे सांगणार. दोष पुस्तकात असेलच असे नाही.

याउलट, नुसत्या समाजशास्त्रीय मोजमापाने काम होईल असे समजणेही भाबडेपणाचे आहे. परावर्तित प्रकाश मोजणारा मापक वस्तूकडून काय परतते ते सांगतो. पडणारा प्रकाश मोजणारा मापक वस्तूवर काय पडते ते सांगतो. रूपवादी समीक्षा पहिल्यासारखी वागते आणि कृतीच्या आतील रचनेपुरते पाहते. परिस्थितीवादी समीक्षा दुसऱ्यासारखी वागते आणि लेखकावर काय कोसळले याची नोंद ठेवते. दुसरी पद्धत काही बाबतींत अधिक न्याय्य आहे, कारण ती त्वचेच्या रंगाने फसत नाही. पण जे कोसळले त्याचे लेखकाने काय केले, हे तिला कळत नाही. दोन्ही मोजमापे घेऊनही समीक्षकाला पाहावे लागते.

आणि पाहणाऱ्याला सरावाचा धोका असतोच. सहृदयाच्या मनाचा आरसा काव्याच्या सततच्या अभ्यासाने निर्मळ होतो, असे अभिनवगुप्ताने मानले. ते खरे आहे. पण ज्या काव्याच्या अभ्यासाने तो निर्मळ झाला, त्या काव्याचा उजेड त्याला पुरेसा वाटू लागतो हेही तितकेच खरे आहे. शिक्षित मराठी वाचकाच्या आरशाला अनेक दशके जो उजेड पुरेसा वाटला, त्यात कितीतरी चेहरे दिसत नव्हते. आणि न दिसल्याची खंतही नव्हती, कारण डोळा जुळवून घेत होता. निकषाचे, मग तो कितीही ओबडधोबड असो, काम येथे लक्समापकासारखे आहे. ‘तुम्हाला दिसते असे वाटते, परंतु येथे उजेड कमी आहे,’ एवढे सांगण्यापुरता तो हवा. काय पाहायचे हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

यावरून समीक्षकाकडे एक साधी मागणी करता येते. त्याने निकष सोडावा किंवा रसिकता सोडावी अशी ती मागणी नाही. कोणत्याही कृतीविषयी निवाडा देताना आपण कशाला मध्यम मानले, आणि ते मानल्यामुळे त्या कृतीतील काय काळोखात गेले किंवा जळून कोरे झाले, हे त्याने निवाड्याबरोबर नोंदवावे. ‘मला असे प्रतीत झाले’ या वाक्याने ही नोंद होत नाही. ‘निकषानुसार असे ठरते’ या वाक्यानेही होत नाही. अशी नोंद केल्याने निवाडा बरोबर ठरेल याची हमी मिळणार नाही. परंतु ज्याचा चेहरा सोडला गेला त्याला, किंवा त्याच्या वतीने पुढच्या वाचकाला, नेमके कुठे बोट ठेवायचे हे कळेल.